जहाजाच्या टाकीसाठी प्रेशर सेन्सर कसा निवडायचा? डेटाशीट उघडण्याआधीचा हिशेब

दोन आठवड्यांपूर्वी एका ज्युनिअरचा मेसेज आला. एम.टेक.चा प्रोजेक्ट, विषय जहाजाच्या बॅलास्ट टाकीतली पाण्याची पातळी मोजणं. "ताई, दोन प्रेशर सेन्सर शॉर्टलिस्ट केलेत. एक ०.२५ टक्के अचूकतेचा, दुसरा ०.१ टक्क्याचा, पण जवळपास दुप्पट महाग. कुठला घेऊ?"

मी उलट विचारलं, "टाकी किती उंच? वरून हवेला उघडी की बंद? आत गोडं पाणी की खारं? आणि तुला उंची हवी आहे की वजन?"

बराच वेळ काही उत्तर नाही. मग आलं, "उंची आणि वजन एकच ना?"

एकच नाही. आणि हे मी त्याला मोठेपणाने सांगत नाहीये, कारण पीएच.डी.च्या पहिल्या वर्षात मीही नेमकी हीच चूक केली होती, आणि त्यात तीन महिन्यांचा डेटा जवळजवळ गेला होता. तो किस्सा पुढे येईलच. संशोधनाची तयारी करणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी काहीतरी मोजावं लागतं, आणि आपण सगळे पहिल्यांदा डेटाशीटवरचा टक्क्यांचा आकडा बघतो. खरं तर तो आकडा सगळ्यात शेवटी बघायचा असतो. का, ते जहाजाच्या टाकीचं उदाहरण घेऊन बघू.

आधी हे बघा, की या आकड्यावर काय अवलंबून आहे

जहाजात मालाशिवाय बऱ्याच टाक्या असतात: बॅलास्टच्या, इंधनाच्या, गोड्या पाण्याच्या, वंगणाच्या. बॅलास्ट म्हणजे जहाजाचा तोल राखण्यासाठी भरलेलं पाणी. कुठल्या टाकीत किती पाणी आहे यावरून जहाज किती बुडेल, कुठल्या बाजूला झुकेल आणि कललं तर परत सरळ होईल का, हे ठरतं.

३ जानेवारी २०१५ ला 'होग ओसाका' नावाचं गाड्या वाहून नेणारं जहाज इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन बंदरातून निघालं. बाहेर पडताना वळण घेत असतानाच ते एका बाजूला कललं. हे कलणं ४० अंशांच्या पुढे गेलं आणि जहाज ब्रॅम्बल बँक नावाच्या वाळूच्या पट्ट्यावर जाऊन टेकलं. सुदैवाने सगळ्यांना वाचवता आलं. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास शाखेने २०१६ मध्ये अहवाल दिला. बंदर सोडताना जहाजाची स्थिरता पुरेशी नव्हती. मालाचं खरं वजन आणि कागदावरचं वजन जुळत नव्हतं, आणि बॅलास्ट टाक्यांमधल्या पाण्याचे आकडे अंदाजाने धरलेले होते. ते प्रत्यक्षापेक्षा बरेच वेगळे निघाले. बहुतेक टाक्यांचे गेज चालू स्थितीत नव्हते.

इथे गेज ०.१ टक्क्याचा होता की ०.२५ चा, हा प्रश्नच आला नाही. विश्वास ठेवावा असा आकडाच उपलब्ध नव्हता. हे डोक्यात ठेवून पुढे वाचा.

सेन्सर पातळी मोजत नाही

शाळेतलं सूत्र आठवा:

दाब = घनता × गुरुत्व त्वरण × उंची

गोड्या पाण्याचा १ मीटर उंचीचा स्तंभ ९.८१ किलोपास्कल, म्हणजे सुमारे ९८ मिलिबार दाब देतो. समुद्राच्या पाण्याची घनता १०२५ किलो प्रति घनमीटर धरली तर १ मीटरला साधारण १००.५ मिलिबार. डोक्यात ठेवायला सोपं: १ मिलिबार म्हणजे जवळजवळ १ सेंटिमीटर पाणी. हवामानखात्याचा हेक्टोपास्कल आणि हा मिलिबार एकच.

पण टाकीच्या तळाशी बसवलेल्या सेन्सरला जाणवणाऱ्या दाबात अजून एक गोष्ट मिसळलेली असते, ती म्हणजे पाण्याच्या वर असलेल्या हवेचा किंवा वायूचा दाब. म्हणजे सेन्सर देतो एक संख्या, आणि त्यात तीन गोष्टी दडलेल्या: द्रवाची उंची, द्रवाची घनता, वरचा दाब. एका संख्येतून उंची काढायची तर उरलेल्या दोन गोष्टी तुम्हाला दुसरीकडून माहीत असायला हव्यात. त्या माहीत नसतील तर सेन्सर कितीही महाग असू दे, उत्तर चुकणारच.

पहिला प्रश्न: उंची हवी की वजन?

समजा जहाजाने कोलकात्यासारख्या नदीवरच्या बंदरात बॅलास्ट भरलं. ते पाणी जवळजवळ गोडं, घनता १००० च्या आसपास. पण यंत्रणेत मात्र समुद्राच्या पाण्याची १०२५ ही घनता कायमची टाकून ठेवलेली. टाकीत प्रत्यक्षात १० मीटर पाणी आहे. सेन्सर ९८.१ किलोपास्कल सांगेल, यंत्रणा त्याला १०२५ ने भागेल आणि पडद्यावर दिसेल ९.७६ मीटर. म्हणजे २४ सेंटिमीटर कमी.

आता गंमत बघा. सरळ भिंतींच्या टाकीत दर चौरस मीटरवर किती वजन आहे ते काढू. यंत्रणेच्या हिशेबाने ९.७६ गुणिले १०२५, म्हणजे १०,००० किलो. प्रत्यक्षात १० गुणिले १०००, म्हणजे तेही १०,००० किलो. उंची चुकली, वजन बरोबर आलं!

कारण दाब म्हणजे मुळात दर क्षेत्रफळावरचं वजनच. तुम्हाला जहाजाच्या तोलासाठी वजन हवं असेल तर दाबाचा सेन्सर थेट कामाची गोष्ट सांगतो, घनता माहीत नसली तरी. (टाकीच्या भिंती तिरक्या असतील तर हे इतकं साधं राहत नाही, थोडी दुरुस्ती लागते.) पण टाकी ओसंडू नये म्हणून उंची हवी असेल, तर घनता कळल्याशिवाय गत्यंतर नाही.

इंधनाच्या टाकीत हा फरक जास्त महत्त्वाचा ठरतो. जड इंधन तेल गरम करूनच वापरावं लागतं. ते एका अंशाला साधारण ०.०७ टक्के प्रसरण पावतं. ५ मीटर तेल ३० अंशांवरून ७० अंशांवर नेलं तर पातळी सुमारे १४ सेंटिमीटरने वर चढते. आता स्वतःला विचारा: तळाच्या सेन्सरवरचा दाब किती वाढला?

वाढलाच नाही. तेल तेवढंच आहे, वजन तेवढंच, दाबही तेवढाच. पातळी वर चढतेय आणि पडद्यावरचा आकडा जागेवर शांत. टाकी आधीच काठोकाठ असेल तर तेल बाहेर येईल आणि सेन्सरला पत्ताही लागणार नाही. म्हणूनच तेलवाहू जहाजांवर टाकी जास्त भरल्याचा इशारा देणारी यंत्रणा पातळी मोजणाऱ्या यंत्रणेपासून पूर्ण वेगळी ठेवतात.

शिवाय घनता एकदा टाकून विसरायची गोष्ट नाही. १ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनात गंधकाची जागतिक मर्यादा ३.५ वरून ०.५० टक्क्यांवर आली. नवी कमी गंधकाची तेलं सहसा आधीच्या जड तेलापेक्षा हलकी असतात आणि बंदरागणिक त्यांची घनता बदलते. यंत्रणेत जुना ९९१ चा आकडा तसाच राहिला आणि टाकीत ९४० चं तेल आलं, तर ५ मीटरच्या पातळीत २६ सेंटिमीटर कमी दिसतात.

दुसरा प्रश्न: दाब कशाच्या तुलनेत?

आता माझा किस्सा. आमच्या प्रयोगशाळेत दीड मीटर उंचीची ॲक्रिलिकची टाकी होती, वरून उघडी. मी ॲब्सोल्यूट प्रकारचा सेन्सर घेतला, म्हणजे निर्वाताच्या तुलनेत दाब मोजणारा. टाकी रिकामी असताना एका सकाळी शून्य सेट केलं, पाणी भरलं आणि नोंदी सुरू केल्या. आठवड्याने आलेख काढला तर पातळी दिवसातून दोनदा वरखाली होत होती, साधारण ३ सेंटिमीटरने. मी म्हटलं, गळती! नळ्यांचे जोड काढले, टेफ्लॉन टेप गुंडाळली, परत लावले. आलेख तस्साच. दोन आठवडे मी गळती शोधत होते.

शेवटी गाईड मॅडमनी आलेख बघितला आणि एवढंच विचारलं, "गळालेलं पाणी रात्री परत येतं का ग?"

सकाळी १० आणि रात्री १० च्या सुमारास वर, दुपारी ४ आणि पहाटे ४ च्या सुमारास खाली. हा वातावरणाच्या दाबाचा रोजचा चढउतार होता. आपल्यासारख्या उष्ण प्रदेशात तो अगदी ठळक दिसतो, सुमारे ३ हेक्टोपास्कल. म्हणजे ३ सेंटिमीटर पाणी. माझा सेन्सर उत्तम काम करत होता. तो बिचारा हवामान मोजत होता आणि मी त्याला पाण्याची पातळी म्हणत होते. मी बॅरोमीटर लावलाच नव्हता. शेजारच्या विभागाच्या हवामान केंद्रात तासागणिक नोंदी होत्या म्हणून डेटा काही प्रमाणात वाचला.

तर पर्याय असे आहेत:

गेज सेन्सर: हा वातावरणाच्या तुलनेत दाब मोजतो. त्याच्या केबलमधून एक बारीक नळी बाहेर हवेपर्यंत जाते, त्यामुळे वातावरणाचा दाब आपोआप वजा होतो. उघड्या टाकीला छान. पण ती नळी कोरडी राहायला हवी. जहाजाच्या डेकवर खारी हवा, लाटांचे फवारे, दिवसरात्रीच्या तापमानातला फरक. नळीत दमट हवा शिरली, पाणी साचलं, की वातावरणाशी संबंध तुटला आणि आकडे सरकायला लागले. नळीचं टोक कोरड्या जागी आणायचं आणि ओलावा शोषणारी पुडी वेळेवर बदलायची, हे कोण करणार ते आधी ठरवा.

ॲब्सोल्यूट सेन्सर: नळीची भानगड नाही, पूर्ण सीलबंद. पण वातावरणाचा दाब वेगळा मोजून वजा करावा लागतो. जहाजावर टाक्या अनेक असल्या तरी वातावरण एकच, त्यामुळे एक चांगला बॅरोमीटर सगळ्या टाक्यांना पुरतो. जहाजांवर ही रचना सोयीची पडते. मात्र रेंज निवडताना वातावरणाचा १ बार धरायला विसरू नका.

सील्ड गेज: इथे बरेच फसतात. नाव गेज असलं तरी आत कारखान्यातली हवा बंद केलेली असते, बाहेरच्या वातावरणाशी संबंध नसतो. शेकडो बार मोजताना फरक पडत नाही, १० मीटर पाण्याला पडतो.

दोन सेन्सर, एक तळाला आणि एक वर: टाकी बंद असेल तर हाच मार्ग. तेलवाहू जहाजाच्या मालाच्या टाकीत स्फोट होऊ नये म्हणून तेलाच्या वर निष्क्रिय वायू भरतात, तोही वातावरणापेक्षा जास्त दाबाने. तो वरचा दाब वजा केला नाही तर तेवढी पातळी फुकट जास्त दिसते. अशा टाक्यांत आता रडार जास्त वापरतात, त्याचं हे एक कारण.

उघड्या टाकीतही एक खाच आहे. पंपाने वेगात बॅलास्ट भरताना आतली हवा हवानळीतून बाहेर ढकलली जाते. नळी अरुंद असेल किंवा अर्धी तुंबली असेल तर आत दाब चढतो, आणि भरणं चालू असेपर्यंत पातळी जास्त दिसते.

तिसरा प्रश्न: रेंज किती?

माझी अजून एक चूक. त्याच टाकीसाठी सगळ्यात पहिला सेन्सर मी १० बारचा मागवला होता. मजबूत असावा, हा विचार. अचूकता ०.२५ टक्के लिहिलेली, मी खूश. पण ते टक्के पूर्ण रेंजचे असतात, तुमच्या मापाचे नाही. १० बारचे ०.२५ टक्के म्हणजे २५ मिलिबार, म्हणजे २५ सेंटिमीटर. दीड मीटरच्या टाकीत!

मग बॅलास्टच्या टाकीला काय घ्यायचं? समजा टाकी तळापासून डेकपर्यंत १२ मीटर. पण पाणी तिथेच थांबत नाही. टाकी ओसंडली तर पाणी हवानळीत चढतं. भारमर्यादेच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार मुख्य डेकवर ही नळी किमान ७६० मिलिमीटर उंच असते. म्हणजे सेन्सरवर सुमारे १३ मीटरचा स्तंभ येऊ शकतो. समुद्राच्या पाण्याचा हिशेब केला तर १.३१ बार. बाजारात सहज मिळणारी पुढची रेंज १.६ बार. त्याचे ०.२५ टक्के म्हणजे ४ मिलिबार, ४ सेंटिमीटर. पंप चालू-बंद होताना बसणारे दाबाचे धक्के वेगळे. त्यासाठी रेंज वाढवायची नाही, डेटाशीटमध्ये सेन्सर किती जादा दाब इजा न होता सोसतो ते बघायचं.

तिथेच अजून दोन ओळी वाचा. अचूकतेचा आकडा बऱ्याचदा एका ठरावीक तापमानालाच खरा असतो. तापमान बदलल्यावरची चूक वेगळी लिहिलेली असते, आणि दर वर्षी सेन्सर किती सरकतो तेही वेगळं. ठळक अक्षरात सगळ्यात सुंदर आकडा छापलेला असतो, हे कायम लक्षात ठेवा.

चौथा प्रश्न: जहाज सरळ उभं आहे का?

प्रयोगशाळेतली टाकी लेव्हल लावून ठेवलेली असते. जहाज पुढेमागे झुकतं, त्याला ट्रिम म्हणतात, आणि डावी-उजवीकडे कलतं. २०० मीटर लांबीचं जहाज मागे १ अंश झुकलं तर दोन टोकांच्या बुडण्यात साडेतीन मीटरचा फरक पडतो. रिकाम्या जहाजाच्या बाबतीत हे नवलाचं नाही.

टाकी २० मीटर लांब आहे आणि सेन्सर मागच्या टोकाला, म्हणजे मध्यापासून १० मीटरवर आहे. १ अंशाच्या झुकावाने तिथली पातळी मध्यापेक्षा १७ सेंटिमीटर जास्त दिसेल. टाकी १५ मीटर रुंद असेल तर ही चूक पन्नासेक टन पाण्याची. ती एका टाकीत, आणि टाक्या तर अनेक.

उपाय तीन: सेन्सर टाकीच्या मध्याजवळ बसवणं, दोन टोकांना दोन बसवून सरासरी घेणं, किंवा झुकाव मोजून तक्त्यावरून दुरुस्ती करणं. जहाजावर प्रत्येक टाकीच्या साउंडिंग तक्त्यात अशा दुरुस्त्या दिलेल्या असतात. पण टाकी रिकामी करताना शेवटचं पाणी मागच्या टोकाला गोळा होतं, म्हणून ते मोजायचं असेल तर सेन्सर तिथेच हवा. पुन्हा तोच मुद्दा: आकडा कशासाठी हवा ते आधी ठरवा.

समुद्रात जहाज डोलत असतं, एका झोक्याला साधारण १० ते २० सेकंद. दर १० सेकंदांनी एकच नोंद घेतली तर कधी लाटेचा माथा, कधी तळ हाती लागेल. सेकंदाला एकदोन नोंदी घेऊन काही मिनिटांची सरासरी काढा.

आता सगळं एका कागदावर

माझ्या ज्युनिअरला मी हेच करायला लावलं. १० मीटर पाण्यासाठी, काहीही दुरुस्ती न करता, प्रत्येक गोष्टीमुळे होणारी चूक:

- घनता चुकीची धरली: २४ सेंटिमीटर
- वातावरणाचा दाब स्थिर धरला (ॲब्सोल्यूट सेन्सर, आणि वादळी हवेत दाब २० हेक्टोपास्कलने उतरला): २० सेंटिमीटर
- १ अंश ट्रिम: १७ सेंटिमीटर
- ०.२५ टक्केवाला सेन्सर: ४ सेंटिमीटर

स्वतंत्र चुका एकत्र करायची नेहमीची पद्धत म्हणजे वर्गांची बेरीज करून वर्गमूळ. उत्तर ३५.८ सेंटिमीटर. आता दुप्पट पैसे देऊन ०.१ टक्क्याचा सेन्सर लावा, त्याची चूक १.६ सेंटिमीटर. एकूण उत्तर: ३५.६.

दुप्पट पैशांत मिळाले २ मिलिमीटर.

आता उलटं करू. सेन्सर स्वस्तातलाच ठेवू आणि बाकीचं सुधारू. हायड्रोमीटरने घनता १ किलोच्या अचूकतेने मोजली: उरली १ सेंटिमीटर. साधा बॅरोमीटर लावला: १ सेंटिमीटर. झुकाव ०.१ अंशापर्यंत मोजला: १.७ सेंटिमीटर. सेन्सर तोच, ४ सेंटिमीटर. एकूण ४.६. आणि आता, या टप्प्यावर, ०.१ टक्क्याचा सेन्सर लावला तर २.७. म्हणजे महाग सेन्सरला अर्थ येतो तो इथे, बाकीचं घर आवरल्यावर.

एक इशारा. वर्गमूळाची पद्धत कुठल्याही दिशेने होऊ शकणाऱ्या, एकमेकींशी संबंध नसलेल्या चुकांसाठी आहे. घनता चुकीची धरली तर चूक दर वेळी त्याच दिशेला होते. सरासरी काढून ती जात नाही, शोधून दुरुस्तच करावी लागते. वरचा पहिला हिशेब फक्त कुठली चूक किती मोठी आहे ते दिसावं म्हणून आहे. व्हायवात हा फरक हमखास विचारतात.

पाचवा प्रश्न: सातव्या वर्षी काय?

हा प्रश्न प्रबंधात सहसा राहून जातो आणि जहाजावर सगळ्यात आधी येतो.

समुद्राचं पाणी साठून राहिलं की चांगल्या मानल्या जाणाऱ्या ३१६एल स्टेनलेस स्टीललाही क्लोराइडमुळे खड्डे पडतात. सेन्सरचा पडदा कागदासारखा पातळ, एक खड्डा पुरतो. म्हणून बॅलास्टसाठी टायटॅनियम किंवा सिरॅमिक पडदा बघतात. सिरॅमिक गंजत नाही, पण त्याच्याभोवती रबरी सील लागतं, आणि सगळी रबरं सगळीकडे चालत नाहीत. पाण्यात उत्तम टिकणारं ईपीडीएम तेलात फुगतं. तेलासाठी एफकेएम बघा. बॅलास्टबरोबर बंदरातला गाळही येतो, इंधनाच्या टाकीत चिकट गाळ बसतो. पडद्यासमोर बारीक भोक असलेला सेन्सर तिथे बुजतो, सपाट उघड्या पडद्याचा टिकतो.

आणि बिघडला तर? सेन्सर टाकीच्या आत तळाला असेल तर बदलायला माणूस आत उतरवावा लागतो. बंद बॅलास्ट टाकीत लोखंड गंजताना हवेतला ऑक्सिजन खाऊन टाकतं. दिसायला टाकी रिकामी असते, वासही येत नाही, आणि आत उतरलेला माणूस कोसळतो. त्याला वाचवायला घाईने उतरलेलाही. जहाजांवर असे मृत्यू आजही होतात. त्यामुळे बाहेरून, शेजारच्या कोरड्या जागेतून झडप बंद करून काढता येणारा सेन्सर किंवा वरून नळीत सोडलेला, ओढून काढता येणारा सेन्सर, ही नुसती सोय नाही.

याच कारणासाठी बुडबुड्यांची जुनी पद्धत अजून टिकून आहे. तळापर्यंत एक नळी नेतात, तिच्यातून हळूहळू हवा सोडतात, आणि बुडबुडे निघण्यासाठी लागणारा दाब वरच्या टोकाला मोजतात. सेन्सर कायम बाहेर, कोरडा, हाताशी. टाकीत वीजही नाही.

सिग्नलचंही तसंच. जहाजावर ४ ते २० मिलिअँपिअरचा सिग्नल आवडता असण्याचं एक कारण साधं आहे: रिकामी टाकी म्हणजे ४ मिलिअँपिअर, शून्य नाही. शून्य आलं तर तार तुटली आहे. "टाकी रिकामी" आणि "मला माहीत नाही" यांतला फरक सांगणारा सेन्सर निवडा. ज्वलनशील वायू असू शकतो तिथे आंतरिक सुरक्षित प्रकारचीच जोडणी लागते. आणि खऱ्या जहाजावर बसवायचा असेल तर वर्गीकरण संस्थेची मान्यता बघा; आपल्याकडे मुंबईची इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग आहे. कंपनं, दमट उष्णता, खारं धुकं, २२.५ अंशांचा कल, अशा चाचण्या त्यामागे असतात.

तुमच्या वहीसाठी

प्रपोजल लिहिताना उपकरणांच्या यादीआधी एक पान ठेवा आणि त्यावर या प्रश्नांची उत्तरं लिहा:

१. या आकड्यावरून कोण, कुठला निर्णय घेणार? त्याला किती चूक चालेल?
२. सेन्सर प्रत्यक्षात काय मोजतो, आणि त्यातून मला हवी ती गोष्ट काढायला अजून काय माहीत असावं लागतं?
३. त्या प्रत्येक गोष्टीतली चूक माझ्या उत्तराच्या एककात किती? (सगळं सेंटिमीटरमध्ये आणा, मगच तुलना होते.)
४. यातली सगळ्यात मोठी चूक कुठली? पैसे आणि वेळ तिथे घाला.
५. सेन्सर खोटं सांगायला लागला तर मला कसं कळेल?

पाचव्यासाठी जहाजावर अजूनही साउंडिंग टेप असते. पितळी वजन लावलेली पोलादी टेप नळीतून तळापर्यंत सोडायची आणि कुठपर्यंत ओली झाली ते वाचायचं. तिला घनता कळत नाही, वातावरण कळत नाही, वीज लागत नाही. टेप आणि सेन्सर जुळत नसतील तर कारण सापडेपर्यंत दोन्ही आकडे वहीत जपून ठेवा. माझ्याकडे तेव्हा टाकीवर चिकटवलेली साधी मोजपट्टी असती आणि मी ती दिवसातून दोनदा वाचली असती, तर दोन आठवडे टेफ्लॉन टेप गुंडाळत बसले नसते.

ज्युनिअरने शेवटी ०.२५ टक्केवालाच घेतला. उरलेल्या पैशांत एक बॅरोमीटर, एक हायड्रोमीटर आणि झुकाव मोजायचं छोटं यंत्र. काल त्याचा मेसेज आला: "ताई, दुपारी चारला पातळी खाली गेलीच नाही."

तुमच्या प्रयोगात काय मोजताय? वरचं पान भरून बघा. चौथ्या प्रश्नाचं उत्तर "सेन्सर" असं आलं, तर महाग सेन्सर जरूर घ्या.